चौतीस गुणांची बॅटरी

एका जंगलात धुराला बंदी होती, म्हणून तिथे सगळे वाफ सोडत.

बंदी खुद्द वाघमहाराजांनी घातली होती, कारण त्यांना खोकला झाला होता. मग एक दिवस रंगनाथशेठ दरबारात गेले. रंगनाथशेठ म्हणजे सरडा. त्यांनी पिशवीतून एक पितळी नळी काढली आणि दगडूअण्णा अस्वलाला ती ओढायला लावली. दरबार पांढरा झाला.

"महाराज, हे काय निघालं?" शेठजींनी विचारलं.

"धूर."

"चुकलात महाराज. वाफ. गरम भातावरून निघते तीच."

महाराजांनी जन्मात भात पाहिला नव्हता. त्यांना पटलं.

तर बाळांनो, तुम्ही असलं काही ओढत नाही ना? शाबास. पण घरात कोणी ओढत असेल, तर ही गोष्ट त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने वाचा.

नळी अगदी साधी होती. वरच्या टोकाला तारेचं एक बारकं वेटोळं. त्याला कॉइल म्हणायचं. कॉइलमध्ये कापूस, कापसात गोड रस. नळीच्या पोटात बॅटरी आणि बुडाला कळ. कळ दाबली की बॅटरी आणि कॉइल थेट एकमेकींना भिडत. कॉइल तापे, रस उकळे, वाफ निघे. शहरातल्या नळ्यांमध्ये म्हणे एक चिप बसवलेली असते. ती मध्ये पडते आणि म्हणते, "पुरे आता, फार होतंय." या नळीत असं मध्ये पडणारं कोणी नव्हतं.

"आमच्या मालात डोकं घातलेलं नाही," रंगनाथशेठ अभिमानाने सांगत. "शुद्ध यांत्रिक!"

गिऱ्हाइकांना हे फार आवडे. आपलंच कोणीतरी भेटल्यासारखं वाटे.

त्या जंगलात मुंगसांचं एक घराणं होतं. घराण्यात एकच मुलगा, नागेश. मुंगसाचं नाव नागेश कसं, असं विचारू नका. तो नवसाचा होता, आणि नवस कुठे बोलला होता ते नावावरून कळतंच. नागेश मनाने चांगला. हसायला लागला की सगळे दात दाखवून हसायचा. मुंगसाचं पोट दातांवर असतं, त्यामुळे त्याचे दात सगळ्यांनीच मोजलेले होते. बत्तीसच्या वर होते आणि एकही किडका नव्हता.

या नागेशचं लग्न कुंदाशी झालं.

कुंदा रानाच्या पार कडेची. तिचे अप्पा विजेऱ्या दुरुस्त करत. अमावास्येला काजवे रजेवर गेले की अर्धं जंगल अप्पांच्या विजेऱ्यांवर चाले. कुंदा लहानपणापासून सेलांच्या ढिगात वाढली. कुठला सेल खरा, कुठला सोंगाड्या, हे ती हातात घेऊन सांगे. पण हे सासरी कोणाला ठाऊक नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं आणि कुंदा आपणहून बोलणारी नव्हती.

तशी बोलायची सोयही नव्हती. मुंगसांच्यात रीत अशी की नव्या सुनेने पहिलं वर्ष वडीलधाऱ्यांपुढे तोंड उघडायचं नाही. अपवाद एकच, उखाणा. उखाणा घ्या म्हटलं की घ्यायचाच. आणि त्याचीही एक रीत होती, ती नीट ऐका. सुनेने उखाणा सुरू केला की नवऱ्याचं नाव येईपर्यंत 'वा' म्हणण्यापलीकडे कोणी मध्ये बोलायचं नाही. नवऱ्याने तर जागचं हलायचंही नाही. नागेशच्या एका काकूला ऐन वेळी नाव आठवेना. काका सूर्य मावळेपर्यंत एक पाय वर करून उभे होते. अजून लंगडतात.

कुंदा उंबऱ्यावर आली, तेव्हा बायकांनी तिला अडवलं. तिने मान खाली घालून उखाणा घेतला:

"उंबऱ्यावर ठेवलं तांदळाचं माप,
नागेशराव खोकतात, बाहेर येते वाफ."

"काय यमक आहे!" सगळ्या म्हणाल्या. सासूबाईंनी बोटं मोडली. खोकल्याचं कोणीच काही बोललं नाही. कुंदाने माप ओलांडता ओलांडता तेवढं टिपून ठेवलं.

रुखवतात अप्पांनी ओहम मोजायचं एक छोटं यंत्र दिलं होतं. वीज जाताना तार तिला किती अडवते, ते त्यावर कळतं. काचेची तबकडी, आत काटा, खाली दोन वायरी. सासूबाईंना वाटलं घड्याळ आहे. त्यांनी ते देवघराशेजारी टांगलं. त्यात कायम एकच वाजलेला असे, पण सुनेच्या माहेरचं आहे म्हणून त्या कोणापाशी बोलल्या नाहीत. चांगल्या होत्या हो सासूबाई.

आता मेघराज स्पर्धा जवळ आली.

दरवर्षी मोठ्या माळावर ही स्पर्धा होई. जो नळीतून सर्वांत मोठा ढग सोडेल, तो मेघराज. गेल्या वर्षी दगडूअण्णा अस्वलाने कळ दाबली आणि नळीच फुटली. अण्णांचे पुढचे दोन दात गेले, नाकाचा शेंडा गेला आणि तेव्हापासून ते 'स'चा आणि 'श'चा 'फ' करू लागले. जंगल हादरलं. चौकशी झाली. चौकशीला पिंगळाशास्त्री बसले, कारण तेच डोळे मोठे करून बघू शकत. त्यांनी निकाल दिला की कॉइलला मंगळ होता आणि बॅटरीला नव्हता.

त्या दिवसापासून जंगलात नियम झाला. पत्रिका जुळल्याशिवाय कॉइल आणि बॅटरी एका नळीत आणायच्या नाहीत. सगळ्यांना फार सुरक्षित वाटू लागलं.

स्पर्धेच्या चार दिवस आधी नागेश कुंदाला घेऊन रंगनाथशेठच्या दुकानात गेला.

"या नागेशराव! अरे वा, वहिनींनापण आणलंत. बसा वहिनी. पाणी घेणार?"

कुंदा पदर सावरून कोपऱ्यात बसली. तिथून पडद्याच्या फटीतून दुकानाच्या मागचं थोडं दिसत होतं. पडद्यामागे उघड्यानागड्या करड्या बॅटऱ्यांचा ढीग होता. काही चेपलेल्या, काही गंजलेल्या. शेजारी रंगीत प्लास्टिकच्या नळकांड्या. शेठजींचा भाऊ एकेका म्हाताऱ्या बॅटरीला नवं जांभळं वेष्टन चढवत होता आणि निखाऱ्याची धग दाखवून ते अंगाशी बसवत होता. म्हाताऱ्या नवऱ्याला कलप लावावा, तसं.

"ही बघा," शेठजी म्हणाले. "जांभळी. तुमच्या रंगाला शोभेल. चाळीस अँपिअर!"

"चाळीस!" नागेशचे डोळे विस्फारले.

"मी कुठे म्हणतोय? तिच्यावरच लिहिलंय. वाचा."

नागेशने वाचलं. खरंच लिहिलं होतं. सोनेरी अक्षरात.

"आणि ही कॉइल. दशांश एक ओहम. बाकीचे लोक अर्ध्या ओहमच्या नेतात. भित्रे लोक. अहो, ओहम जितका कमी, तितका ढग मोठा. ही घेतलीत तर माळावर सूर्य दिसणार नाही."

नागेशने बॅटरी कौतुकाने बायकोच्या हातात दिली. कुंदाने ती तळव्यावर तोलली. भुईमुगाची शेंग हातात घ्यावी आणि आत एकच दाणा आहे हे कळावं, तशी ती हलकी होती. वरच्या कडेला वेष्टन नखभर फाटलं होतं. खालचा पत्रा चमकत होता.

अप्पा सांगत, बॅटरीचं अख्खं अंग म्हणजे तिचं एक टोक. म्हणून तिला कपडा. तो फाटून अंग पितळेला टेकलं, की कळ दाबायचीही गरज उरत नाही. नळी आपली आपणच तापायला लागते.

कुंदाने हळूच खाकरून नागेशकडे पाहिलं.

"घरी बोलू," नागेश कुजबुजला.

"वहिनींना काही हवंय का?" शेठजींनी विचारलं. बोलता बोलता ते हिरव्याचे पिवळे झाले. "हीच गुलाबी कपड्यातपण आहे."

तिथून ते दोघं पिंगळाशास्त्रींकडे गेले. शास्त्री उंबराच्या ढोलीत बसत. त्यांनी बॅटरी उताणी केली, पालथी केली.

"जन्मतारीख?"

"लिहिलेली नाही," नागेश म्हणाला.

"हरकत नाही. मी धरतो." शास्त्रींनी एक तारीख धरली. मग कॉइल डोळ्याजवळ नेली. "हिला कडक मंगळ आहे. फार तापट."

"अरे देवा."

"घाबरू नका. बॅटरीलाही मंगळ आहे. नाडी वेगळी, गण एक. चौतीस गुण!" शास्त्रींनी मान पूर्ण मागे फिरवून पुन्हा पुढे आणली. "अशी जोडी युगात एकदा जमते. तुमचे तरी कुठे एवढे जमले होते? एकोणतीसच."

कुंदाला तो दिवस आठवला. याच ढोलीत, असंच. गोत्र विचारलं, नाडी विचारली, मंगळ विचारला. तुला वाफ झेपते का, हे कोणी विचारलं नाही. आताही बॅटरीला कोणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी बिळात दोघंच होते, तेव्हा कुंदाने देवघराजवळचं घड्याळ काढून आणलं.

"ते कशाला काढलंस? आई रागावेल."

"हे घड्याळ नाही. हे बघा." तिने दोन वायरी कॉइलला लावल्या. काटा थरथरला आणि अगदी कडेला जाऊन टेकला. "दशांश एक. निदान हे तरी शेठजी खरं बोलले. आता बॅटरी भरलेली असली की तिचा जोर चार पॉइंट दोन. त्याला दशांश एकने भागा."

"आत्ता? जेवायच्या वेळी?"

"बेचाळीस येतात. म्हणजे कळ दाबली की ही कॉइल बेचाळीस अँपिअर मागणार."

"मग? बॅटरी देईल की. चाळीस लिहिलंय."

"चाळीस म्हणजे बेचाळीस नव्हे."

नागेशने बोटं मोजली. "दोनच तर कमी आहेत. दोनासाठी काय एवढं?"

"अहो, आणि चाळीस कसले? चांगल्या घरची बॅटरी असती तरी वीस, फार तर पंचवीस दिले असते. आणि तिने तेवढेच लिहिले असते. खरा माल स्वतःबद्दल कमी बोलतो. ही म्हातारी आहे. वीसही देणार नाही."

"नाही दिले तर नाही दिले. ढग लहान होईल."

"तिला नाही म्हणता येत नाही. मध्ये चिप नाही, तुम्हीच सांगता ना कौतुकाने? कॉइल मागत राहणार, ही देत राहणार, तापत राहणार. आणि मग फुटणार. अप्पा म्हणायचे, सेल म्हणजे बैल. गाडीत किती भरायचं ते गाडीवानाने ठरवायचं नाही, बैलाकडे बघून ठरवायचं."

 नागेशने जिभेने एकदा आपले दात चाचपले. कुंदाला वाटलं, पटलं.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"एक म्हणजे, ओढायचीच नाही."

"दुसरं सांग."

"मी कॉइल गुंडाळून देते, अर्ध्या ओहमची. साडेआठ अँपिअरही होत नाहीत. बॅटरी अप्पांकडून आणू, अखंड कपड्याची. खिशात किल्ल्यांबरोबर टाकायची नाही, डबीत ठेवायची. ओढून झालं की कळीचं कुलूप फिरवायचं. आणि बुडाची तीन भोकं मोकळी ठेवायची. बॅटरी बिघडलीच, तर तिचा श्वास तिथून निघतो."

"आणि ढग? केवढा होईल?"

कुंदाला खोटं बोलता येत नसे. "सशाएवढा."

"सशाएवढा!" नागेशच्या मिशा पडल्या. "कुंदा, अख्ख्या जंगलासमोर, आईसमोर, मी सशाएवढा ढग घेऊन उभा राहू? रानडुक्कर सोडणार हत्तीएवढा, आणि मी ससा?"

"दात राहतील."

"शास्त्रींनी चौतीस गुण सांगितलेत. ते काय उगाच? आपलंही त्यांनीच जमवलं. चुकलं का काही?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नव्हतं. कुंदाने वायरी गुंडाळल्या आणि घड्याळ पुन्हा खिळ्याला टांगलं.

तिने ठरवलं, स्पर्धेच्या दिवशी पहाटे उठून गुपचूप कॉइल बदलायची. पण सासूबाई तिच्याही आधी उठल्या होत्या. त्यांनी नळी देवापुढे पाटावर उभी केली होती. बॅटरीला आत बसवून नळीला पिवळा दोरा बांधला होता. आता दोरा सोडणं म्हणजे अपशकून. कुंदा हात बांधून उभी राहिली.

सासूबाईंनी नळीला हळद लावली. कुंकू लावलं. मग नळी उलटी करून बुडाकडे पाहिलं.

कुंदाने घाईघाईने भोकांकडे बोट दाखवलं. जोरजोरात मान हलवली.

"दिसली गं मला," सासूबाई मायेने म्हणाल्या. "नजर तिथूनच शिरते मेली." आणि त्यांनी ओल्या हळदकुंकवाने तिन्ही भोकं गच्च लिंपून टाकली. "माझ्या नागूला कोणाची दृष्ट नको लागायला."

कुंदाने डोळे मिटले. तिला नागेशचं हसू दिसलं. त्यात दात नव्हते.

दुपारी माळ भरला. वाघमहाराज उंच खडकावर बसले. त्यांच्या शेजारी परीक्षक म्हणून पिंगळाशास्त्री. दिवसा त्यांना नीट दिसत नसे, पण ढग दिसण्याएवढा मोठा असेल तरच बक्षीस, असा त्यांचा नियम होता. दगडूअण्णा नाकाला हळदीचा लेप लावून पहिल्या रांगेत बसले होते.

रानडुकराने पहिला ढग सोडला. हत्तीएवढा नव्हता, पण म्हशीएवढा होता. टाळ्या झाल्या. मग रंगनाथशेठ मधल्या दगडापाशी आले. हातात तबक, तबकात ती नळी, नळीला पिवळा दोरा.

"आता येताहेत नागेशराव!" शेठजी ओरडले. "आमची चाळीस अँपिअरवाली बॅटरी! आमची दशांश एकची कॉइल! चौतीस गुण!"

नागेश ऐटीत पुढे आला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तबकाकडे हात नेला.

"अगं बाई, थांबा थांबा!" बायकांच्या घोळक्यातून लंगड्या काकांची काकू ओरडली. "पहिली स्पर्धा लग्नानंतरची. आधी नाव घ्यायला नको? सूनबाई, घे गं नाव!"

"नाव घ्या, नाव घ्या!" सगळा माळ ओरडला.

कुंदा उभी राहिली.  एवढ्या लोकांपुढे ती कधी उभी राहिली नव्हती. तिने पदर डोक्यावर घेतला आणि सुरुवात केली:

"हिरव्यागार शालूला सोनेरी काठ,
बॅटरीच्या कपड्याखाली फाटकी पाठ."

"वा!" बायका म्हणाल्या, आणि नावाची वाट पाहू लागल्या.

नाव आलं नाही.

नागेशचा हात तबकाच्या वर तसाच राहिला. नाव आल्याशिवाय हलायचं नव्हतं. कुंदाने त्या हाताकडे पाहिलं. हात आणि नळी यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. आणि तिला कळलं, की हे अंतर आता आपल्या ताब्यात आहे. ती बोलत राहील तोवर कोणी तिला गप्प करू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

तिने आवाज जरा चढवला:

"नाव घेते, नाव घेते, करू नका घाई,
कॉइल मागते बेचाळीस, घरात वीसही नाही."

"काय यमक आहे!" काकू कुजबुजली.

नागेशचा हात आखडायला लागला होता. पण त्याचे कान मात्र उभे राहिले.

"तीन भोकं श्वासाची, तिन्हीत कुंकू,
बॅटरी म्हणे आतून, आता कुठून शिंकू?"

पहिल्या रांगेत दगडूअण्णा ताडकन उठले. "फिंकते! फिंकते! माझी फिंकली होती!" ते ओरडले. त्यांना खाली बसवण्यात आलं, कारण उखाण्यात मध्ये बोलायचं नसतं.

"नाव घे ना गं," सासूबाई डोळ्यांनी म्हणाल्या.

कुंदाने सासूबाईंना डोळ्यांनीच नमस्कार केला, रंगनाथशेठकडे वळली आणि गोड आवाजात म्हणाली:

"शेठजींच्या मालाला जंगलभर भाव,
आधी ओढोत शेठजी, मग घेते नाव."

 मग सगळ्या माना रंगनाथशेठकडे वळल्या. सुनेचा हट्ट उखाण्यात आला की तो पुरवायचा, ही तर सगळ्याच प्राण्यांची रीत, आणि तेवढ्यापुरतं मध्ये बोलायलाही मुभा.

"ओढा की शेठजी," रानडुक्कर म्हणालं. "एक झुरका."

शेठजी हिरव्याचे पिवळे झाले. पिवळ्याचे तांबडे झाले. मग असे एक दोन रंग झाले, जे त्यांच्या दुकानातही नव्हते.

"मी? छे छे, मी... मी विकतो. ओढत नाही."

"का?" वाघमहाराजांनी विचारलं. महाराज सहसा काही विचारत नसत.

"महाराज, मला लहान लहान पोरं आहेत!"

आधी कोणीतरी एक जण फिस्सकन हसलं. मग सगळा माळ हसला. दगडूअण्णा दातांच्या खिंडीतून शिट्टी वाजवत हसले. नागेशला हलायचं नव्हतं, म्हणून तो फक्त नाकाने हसला. हसता हसता त्याची नजर नळीच्या बुडाकडे गेली. तिथली तीन भोकं दिसत नव्हती. त्याचं हसू थांबलं.

शेठजींची फार चिडचिड झाली. "हा काय पोरखेळ आहे?" म्हणत त्यांनी तबकातली नळी उचलली आणि दगडावर दाणकन उभी आपटली.

बाळांनो, कळ नळीच्या बुडाला असते, हे तुमच्या लक्षात आहे. कुलूप कोणी फिरवलेलं नव्हतं, हे मी सांगते.

कळ दबली. नळीच्या वजनाने दबूनच राहिली. कॉइलने बेचाळीस मागितले. म्हातारीने होते नव्हते ते दिले. पिवळा दोरा आधी तपकिरी झाला, मग उरलाच नाही. आतून केटलीसारखा आवाज यायला लागला.

कुंदा तीन उड्यांत पोचली. तिने नागेशचा हात धरला आणि त्याला खडकामागे ओढलं. तो अजूनही रीत पाळून तसाच ताठ होता, त्यामुळे ओढायला सोपा गेला. शेठजी शेपटी वर करून पळाले.

धडाम!

नळी वर गेली. कॉइल आणखी वर गेली. शेठजींच्या शेपटीचा शेंडा थोडा करपला. बाकी कोणाला काही झालं नाही. आणि माळावर एक ढग उठला. बाळांनो, काय ढग होता तो! हत्ती त्याच्यापुढे पिल्लू. खालून पांढरा, मध्ये हळदीचा पिवळा, वर कुंकवाचा लाल. सूर्य खरोखरच दिसेनासा झाला. शेठजींचं तेवढं वाक्यही खरं ठरलं.

पिंगळाशास्त्रींना तो ढग दिवसाढवळ्या दिसला.

"पहिला क्रमांक," ते गहिवरून म्हणाले, "नागेशराव मुंगूस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई रडत रडत शेजारणीला सांगू लागल्या, "हळदकुंकू माझं होतं हो."

मग चौकशी झाली. चौकशीला पुन्हा शास्त्रीच बसले. त्यांनी निर्णय दिला, की पत्रिकेत काहीच चूक नव्हती. चौतीस गुणांची जोडी होती, म्हणून दोघी बरोबरच गेल्या. दोष एवढाच की उखाणा लांबला आणि मुहूर्त टळला. सबब यापुढे उखाणा दोन ओळींपेक्षा मोठा असू नये. वाघमहाराजांनी त्यावर पंजा उमटवला.

रंगनाथशेठने दुसऱ्याच दिवशी नवीन माल मांडला. भोकं आधीच हळदकुंकवाने लिंपलेल्या नळ्या. दारावर पाटी लावली, 'मेघराजाने वापरलेली.' खूप खपल्या. दगडूअण्णाही एक घेऊन गेले. जाताना कुंदाला भेटले आणि हळूच विचारलं, "फूनबाई, भोकं टोकरायला काय लागतं?" कुंदाने त्यांना बाभळीचा काटा दिला आणि घड्याळ लावून कॉइल मोजून दिली. अण्णांचे उरलेले दात अजून शाबूत आहेत, असं ऐकते.

नागेशला बक्षीस म्हणून शेठजींच्या दुकानातून नवी कोरी नळी मिळाली. भरीव पितळेची, वजनदार. सासूबाई तिने पापड लाटतात. फार सारखे होतात म्हणे.

पण तुम्ही विचाराल, नावाचं काय झालं? नाव राहूनच गेलं की!

खरंय. त्या संध्याकाळी नागेश बिळात भिंतीला टेकून बसला होता. हात अजून अवघडलेला होता. तो जिभेने एकेक दात मोजत होता. मोजून झाले की पहिल्यापासून पुन्हा मोजत होता. मग त्याने दुसऱ्या हाताने देवघराजवळचं घड्याळ काढलं, मांडीवर घेतलं आणि काचेवरची हळद पुसली.

"काय म्हणाली होतीस?" त्याने मान वर न करता विचारलं. "चार पॉइंट दोन भागिले किती?"

कुंदाने चहाची वाटी त्याच्यापुढे ठेवली. वाटीतून वाफ निघत होती. खरी, चहाची. आजूबाजूला कोणी वडीलधारं नव्हतं, टाळ्या वाजवायला माळ नव्हता, आणि यमकही सुचत नव्हतं.

"नागेश," ती म्हणाली, "चहा घे आधी."

नाव आलं होतं. अवघडलेला हात हलला.

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याचं कोणी ऐकत नाही, फार तर यमकाचं कौतुक करतात. म्हणून शहाण्या माणसाने खरं बोलायला सुरुवात करावी आणि समोरचा हात खाली घेईपर्यंत ते संपवू नये. बाकी गुण जुळले तर जुळू द्यावेत. फक्त पहिला झुरका विकणाऱ्याला घ्यायला सांगावा.